आवाजावरचा बार

१

व्यंकटरावांचं सगळं वेळच्या वेळी. तेहतीस वर्षं शाळेत हेडक्लार्की केलेला माणूस, त्याला दुसरं काय सुचणार? निवृत्तीनंतर बोरीजवळच्या मळ्यात घर बांधून राहिले, तरी सहाला चहा, दहाला जेवण आणि दिवस कलला की बंदूक. कपाटातून ती दोन नळ्यांची बारा बोअर काढायची, सांध्यात मोडून उघडायची, एक डोळा मिटून नळ्यांतून उजेड बघायचा, तेलाचं फडकं फिरवायचं, दोन काडतुसं भरायची आणि तुरीच्या कडेला माळ्यावर जाऊन बसायचं. माळा म्हणजे चार बल्ल्यांवर ठोकलेल्या फळ्या. तिथून सगळी तूर दिसायची. रानडुकरांनी दोन सालं तुरीचा पार चुथडा केला होता, म्हणून वनखात्याची परवानगी काढलेली होती. बंदूक आजोबांची, परवाना आजोबांपासून चालत आलेला.

वडलांनी त्यांना बंदुकीचा एकच धडा दिला होता. डुक्कर दिसायची वाट बघत बसलास तर ते पार शिवार ओलांडून जातं, बार आवाजावर काढायचा. व्यंकटरावांनी तोच धडा वरदला दिला. वरद त्यांचा एकुलता एक मुलगा, तिशीतला. बोरीत खता-बियाण्याचं दुकान चालवायचा आणि झोपायला मळ्यात यायचा.

त्या साली सोयाबीन निघाल्यावर मोकळ्या वावरात धनगराची मेंढरं बसवली होती. मेंढरांची लेंडी वावराला मिळते, धनगराला ज्वारी मिळते, असा जुना रिवाज. म्हातारी केवळाबाई, तिचा मुलगा भुजंग, दीडशे मेंढरं आणि दोन कुत्री एवढा तो संसार. त्यातलं मोठं तपकिरी कुत्रं सुलतान्या. ते व्यंकटरावांच्या बायकोच्या, कावेरीबाईंच्या, कोंबड्यांच्या मागं लागायचं. दुसऱ्याच दिवशी व्यंकटरावांनी भुजंगला सुनावलं, "ह्याच्या गळ्यात लोढणं अडकव. न्हाई तर मेंढरं दुसरीकडं बसव." भुजंगनं बाभळीचा हातभर ओंडका दोरीनं कुत्र्याच्या गळ्यात बांधला. ओंडका गुडघ्यांत यायचा, त्यामुळं पळता यायचं नाही. ते बिचारं लाकूड ओढत ओढत चालायचं.

मंगळवारी दिवस मावळला होता, पण आभाळात उजेड होता. तुरीत मात्र अंधारलं होतं. बॅटरी व्यंकटरावांच्या मांडीवर होती. तुरीत काहीतरी जड सरकलं, झाडं मोडल्यासारखं वाजलं, थांबलं, परत वाजलं. ते चांगलं सातआठ वेळा वाजलं. बॅटरी लावायला एक हात मोकळा करावा लागला असता. त्यांनी बार काढला.

डुक्कर ओरडतं तसं काही ओरडलं नाही. एकदाच बारीक केकाटलं आणि संपलं. केवळाबाई मेंढरांभोवतीच्या जाळीकडून, वाघुरीकडून, अनवाणी पळत आली, तुरीत शिरली आणि खाली बसली. व्यंकटराव माळ्यावरून उतरून तिथं गेले, मग बॅटरी लावली. तपकिरी कुत्रं, छातीवर पांढरा ठिपका, गळ्यात ओंडका. म्हातारी त्याचं तोंड मांडीवर घेऊन म्हणत होती, "सुलतान्या, ऊठ. ऊठ बाबा."

आता आपल्याला वाईट वाटेल म्हणून व्यंकटराव उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले. वाटलं काहीच नाही. फक्त बंदुकीच्या धक्क्यानं उजवा हात खांद्यापासून बधिर झाला होता.

२

परवानगीच्या कागदावर अट होती, काढलेला प्रत्येक बार वनखात्याला कळवायचा. त्यामुळं सकाळी वनरक्षक नागेश मोटारसायकलवर आला. पोरगा सरळ होता, आडून विचारायची त्याला सवय नव्हती. तुरीत जाऊन त्यानं मोबाइलवर फोटो काढले आणि ओट्यावर बसून कागद मांडीवर घेतला.

"काका, बार काढायच्या आधी काय बघितलंत?"

व्यंकटरावांना फायलीतलं सगळं कळत होतं. काहीच बघितलं नाही म्हणावं तर परवाना रद्द. तीन पिढ्यांची बंदूक सरकारजमा आणि गावात तोंड दाखवायला जागा नाही. त्यांनी घसा साफ केला. ओट्याखाली केवळाबाई आणि भुजंग उभे होते.

"केवळाबाई, झालं ते झालं," व्यंकटराव म्हणाले. "जाताना ज्वारीचं एक पोतं जास्तीचं घेऊन जा."

"ज्वारी नको मालक," म्हातारी म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता, त्यात भांडण नव्हतं. "बघून मारलं का न बघता, तेवढं सांगा. बघून मारलं असंल तर आमचं कुत्रं चुकलं. न बघता मारलं असंल तर उद्या त्या तुरीत माजा भुजंग असंल."

दाराच्या चौकटीला कावेरीबाई उभ्या होत्या. व्यंकटरावांनी तिकडं बघायचं टाळलं.

"बघून मारलं," ते नागेशला म्हणाले. "माझ्या डोळ्यांनी बघितलं. डुक्कर होतं. बार सुटायला आणि कुत्रं मधी यायला एकच गाठ पडली."

"कुणी साक्षीला होतं?"

"मी होतो की," वरद म्हणाला. मंगळवारी त्या वेळी वरद बोरीत दुकानावर गिऱ्हाईक करत होता. "मी पण बघितलं. ह्या डोळ्यांनं. डुक्करच होतं."

दोघांचे वेगवेगळे जबाब झाले, दोघांनी सह्या केल्या. केवळाबाईनं व्यंकटरावांकडं बघितलं, मग वरदकडं जरा जास्त वेळ बघितलं. "बरं," म्हणाली आणि निघून गेली. तिनं शिव्याशाप दिले नाहीत, बोटं मोडली नाहीत. तसं केलं असतं तर पुढं कशाकडं तरी बोट दाखवता आलं असतं.

३

निघताना नागेश म्हणाला, "काका, हा फोटो जबाबाला जोडतो. एकदा बघून घ्या," आणि मोबाइल पुढं केला.

व्यंकटरावांनी चष्मा वर केला. तुरीच्या मोडलेल्या झाडांत रानडुक्कर आडवं पडलेलं होतं. काळपट, मानेवर राठ केस उभे, सुळा मातीत रुतलेला.

"हा दुसरीकडचा फोटो लागला," ते म्हणाले.

"दुसरीकडचा कसा? आत्ता तर काढला." नागेशनं मोबाइल स्वतःकडं वळवला, बोटानं मोठा केला, परत पुढं धरला. "हे काय, लोढणं पण दिसायलंय."

लोढणं कुठंच नव्हतं. व्यंकटरावांनी मोबाइल उन्हातून सावलीत धरला. सुळ्याला लागलेला चिखलसुद्धा दिसत होता. तेवढ्यात वरद खांद्यावरून वाकला.

"डुक्करच हाय की, बाबा," तो म्हणाला.

नागेशनं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. खोटं बोलून झाल्यावर वर थट्टा करतात असं त्याला वाटलं असावं. त्याचा चेहरा उतरला, मोबाइल खिशात घालून तो गेला. पोरानं शेवटपर्यंत बाजू धरली, असं म्हणून व्यंकटरावांनी मनाची समजूत घातली. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, वय झालं, ऊन मोबाइलवर चमकत होतं. कारणं काय, पैशाला पासरी मिळतात.

४

दोन दिवस नीट गेले. सहाला चहा झाला, दहाला जेवण झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी हौदावर एक डुक्कर पाणी पीत होतं. भर उजेडात, माणसांच्या एवढ्या जवळ. व्यंकटरावांनी दगड उचलला. तेवढ्यात भुजंग ओरडला, "मालक, आमचं हाय ते," आणि डुक्कर शेपूट हलवत भुजंगच्या पायाशी गेलं. भुजंगनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. व्यंकटरावांनी दगड खाली ठेवला. फेकला नाही, खाली वाकून ठेवला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी बांधावरून चालत येणारा भुजंगच त्यांना डुकरासारखा दिसला. सारखा कसला, डुक्करच. पाठीवरचा उंचवटा, खाली झुकलेलं तोंड. ते पंधरा पावलांवर आलं आणि म्हणालं, "मालक, आमी उद्या निगायलाव. ताडकळसच्या अंगाला." मग पापणी लवली आणि घोंगडी पांघरलेला भुजंग उभा होता.

"बरं," व्यंकटराव म्हणाले. त्यांना भीती वाटायला पाहिजे होती, हे त्यांना समजत होतं.

पुढच्या शनिवारी ते परभणीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेले. बसमधली माणसं माणसंच दिसली, स्टँडवरची कुत्री कुत्रीच. डॉक्टरांनी शेवटच्या ओळीतली बारीक अक्षरं वाचायला लावली, ती त्यांनी एका दमात वाचली. "ह्या वयात इतकी चांगली नजर फार कमी लोकांची असते," डॉक्टर म्हणाले. ते ऐकून बरं वाटायचं सोडून व्यंकटरावांनी ती ओळ परत एकदा वाचून बघितली.

घरी पोचायला दुपार झाली. दार उघडं होतं. स्वैपाकघरातून भाकरी थापायचा आवाज येत होता, पट पट पट, चाळीस वर्षं ऐकलेला. व्यंकटराव चपला काढून आत गेले. चुलीपुढं पाठमोरं एक डुक्कर बसलेलं होतं. काळी राठ पाठ, तिच्यावर चुलीचा धूर. थापायचा आवाज चालूच होता.

ते चौकटीला धरून उभे राहिले. पहिला विचार आला तो कपाटाचा. बंदूक बाहेरच्या खोलीत आहे, सात पावलं. किल्ली खिशात. हा विचार इतक्या शांतपणे आला, जसं घड्याळाला चावी द्यायची राहिली असं आठवावं.

"आलाव का? हातपाय धुवा," डुक्कर म्हणालं. "डॉक्टर काय म्हणले?"

"नजर चांगली हाय म्हणले," व्यंकटरावांनी सांगितलं.

त्यांनी पान वाढून घेतलं, खाली मान घालून जेवले. भाकरी वाढायला आलेला हात कावेरीबाईंचाच होता, बांगड्यांसकट. त्याच्या वर त्यांनी बघितलं नाही.

५

त्याच संध्याकाळी वरद दुकानावरून आला आणि अंगणात एकदम थबकला. कावेरीबाई वाळवण गोळा करत वाकल्या होत्या. वरदनं दोन पावलं मागं घेतली, हात भिंतीकडं गेला, तिथं फावडं टेकलेलं होतं.

"काय रे?" कावेरीबाईंनी विचारलं.

"तू हायस होय. मला वाटलं," असं म्हणून वरद हसला आणि हातपाय धुवायला गेला. काय वाटलं ते त्यानं सांगितलं नाही. व्यंकटराव ओट्यावरून बघत होते. त्यांनी विचारलं असतं तर पोरानं सांगितलं असतं, आणि सांगितलं असतं तर ऐकावं लागलं असतं. म्हणून त्यांनी विचारलं नाही. एवढा हिशेबी माणूस, पण इथं त्यांनी डोळ्यावर कातडं ओढलं ते ओढलंच.

जेवणं झाल्यावर त्यांनी कपाट उघडून बंदूक वरदच्या हातात दिली. परवान्यावर वरदचं नाव नव्हतं, पण मळ्यात कोण बघायला येणार?

"आजपासून राखण तू कर," ते म्हणाले. "माझी नजर गेली. मला आता हात लावायचा न्हाई."

वरदनं ती मोडली, नळ्यांतून दिव्याकडं बघितलं, वडलांसारखाच एक डोळा मिटून. त्याला आनंद झालेला दिसला.

कावेरीबाई मात्र व्यंकटरावांच्या पुढ्यात येऊन बसल्या. व्यंकटरावांनी नजर त्यांच्या पायाच्या जोडव्यांवर ठेवली.

"पोराला कशाला दिली? ठाण्यात जमा करा."

"एकदा जमा केली की परत मिळत न्हाई. आजोबांची हाय."

"मी हौदावर होते त्या मंगळवारी," त्या म्हणाल्या. "बॅटरी लागलीच नव्हती. आधी बार झाला, मग उजेड दिसला. तुमी काय बघितलंत, ते मला सांगू नका."

व्यंकटरावांनी कपाटाची किल्ली खिशातून काढली आणि परत खिशात घातली.

"त्या म्हातारीनं काय मागितलं हो? खरं तेवढंच मागितलं ना? घरात आठ दिवस झाले, तुमी माझ्या तोंडाकडं बघत न्हाई. मी काय केलंय?"

तिला सांगावं असं त्यांना वाटलं. तू मला कशी दिसतेस ते सांगावं, आणि तू मळ्यात राहू नकोस, माहेरी जा म्हणावं. मग ती का म्हणून विचारणार, वेड लागलं का म्हणणार, पोराच्या कानावर घालणार. त्यापेक्षा जबाब बदलणं सोपं वाटलं. निदान ते कागदाचं काम होतं आणि कागदाचं काम त्यांना येत होतं.

"सोमवारी सकाळी जाऊन खरं सांगून येतो," ते म्हणाले.

कावेरीबाईंनी सुस्कारा सोडला. "या सांगून. तुरीच्या सोल्यांची आमटी करून ठेवते. शेंगा भरल्यात आता."

६

सोमवारी नऊच्या बसनं ते गेले. वनखात्याच्या कार्यालयात नागेश एकटाच टेबलाशी बसलेला होता. त्यानं खुर्ची सरकवून दिली, फाइल काढली. फाइलीत वरच फोटो छापून लावलेला होता. व्यंकटरावांनी बघितलं. डुक्कर, सुळा, राठ केस. त्यांनी नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडं नेली.

"लिहा," ते म्हणाले. "मी काहीच बघितलं नव्हतं. आवाज आला, मी बार काढला. बॅटरी माझ्याजवळ होती, ती लावली नाही. कुत्र्याला लोढणं मीच बांधायला लावलं होतं, आवाज त्याचाच होता. डुक्कर तिथं नव्हतंच."

नागेश लिहायचा थांबला. "काका, ह्याच्यानं परवाना जाईल. केस पण होईल. ठावं हाय ना?"

"ठावं हाय."

"मग आज का?"

"लिहा तुम्ही."

नागेशनं लिहिलं, वाचून दाखवलं. व्यंकटरावांनी सही केली. तेहतीस वर्षांची वळणदार सही, खाली दोन टिंबं, तारीख. पेन खाली ठेवताना त्यांना टेबलाचा गारवा उजव्या हाताला लागला. त्यांनी फोटोकडं बघितलं.

तपकिरी कुत्रं होतं. छातीवर पांढरा ठिपका, अर्धा उघडा डोळा. गळ्याच्या दोरीनं केस झडून कातडं सोलवटलेलं, ओंडक्याच्या टोकाला तुरीची पानं अडकलेली.

आणि मग इतके दिवस न आलेलं सगळं एकदम आलं. व्यंकटराव टेबलावर डोकं टेकून रडले. नागेशनं उठून पाण्याचा गिलास आणून ठेवला आणि खिडकीकडं तोंड करून उभा राहिला.

"म्हातारीला भेटून येतो ताडकळसला," जरा वेळानं ते डोळे पुसत म्हणाले. "तिला माझ्या तोंडानं सांगतो."

"जा. चांगलं हुईल," नागेश म्हणाला आणि फाइल चाळत बसला. "तुमचा जबाब बदलला काका. वरदचा मात्र हाय तसा राहतो. त्यानं पण स्वतः बघितलं म्हणून लिहून दिलंय. तो त्याचा त्यानंच येऊन बदलायचा, तुमच्या सहीनं न्हाई चालत."

व्यंकटराव पाणी पीत होते. गिलास तोंडाशीच राहिला. फोटोवर वाकलेला वरद त्यांना आठवला. मग अंगणात फावड्याकडं गेलेला त्याचा हात आठवला. त्यांनी घाईघाईनं खिशातून मोबाइल काढला आणि कावेरीबाईंचा नंबर लावला. पलीकडं वाजत राहिलं. परत लावला. तसंच वाजत राहिलं.

तिसऱ्यांदा लावणार तोवर वरदचाच फोन आला.

"बाबा, मारलं," वरदचा आवाज धापा टाकत होता, पण खूश होता. "आत्ता पाच मिनिटं झाली. दुकानाला निघालो तर तुरीत शिरलं होतं. आणि बघा, आवाजावर न्हाई मारलं ह्या टायमाला. चांगलं समोर आलं, मी नीट बघितलं आणि मग बार काढला. माझ्या डोळ्यांनं बघितलं."

"तुझी आई कुठाय?"

"आई? शेंगा तोडायला म्हणून गेली होती मघाशी. घरी असंल."

"वरद, बंदूक खाली ठेव."

"का?"

"आधी खाली ठेव. तुझ्या पुढं काय पडलंय ते नीट बघ."

"बघायलोय की. डुक्कर हाय. मोठं हाय, मादी असंल." मग वरद फोन तोंडापासून जरा लांब नेऊन काहीतरी बघत असावा, कारण मधल्या जागेत तुरीचा वारा ऐकू आला आणि त्या वाऱ्यातून, खूप खालून, एक आवाज आला. तो व्यंकटरावांनी ओळखला. नागेशनंही ऐकला असावा, कारण तो खुर्चीवरून उठला.

"अरे वरद," तो आवाज म्हणाला. "अरे बाळा."

"ऐकायलाव का बाबा, कसं घुरघुर करायलंय," वरद म्हणाला. "अजून जीव हाय त्यात. थांबा, एक नळी भरलेली हाय."

"वरद, ती तुझी आई हाय. वरद, ऐक माझं, ती तुझी आई हाय रे."



"काय पण बोलायलाव बाबा," वरद हसून म्हणाला. "तुमीच तर म्हणलाव, तुमची नजर गेली." आणि त्यानं घोडा ओढल्याचा आवाज फोनमध्ये स्पष्ट आला.